ग्रुपने शॉर्ट फिल्म एडिट करायची म्हणजे नक्की काय काय करायचं

शूटिंग संपलं की ग्रुपवर पॅकअपचा फोटो पडतो, सगळे बदाम टाकतात, आणि मग बरेचदा दोन-दोन महिने फिल्म पुढं सरकतच नाही. सांगली-मिरजेतल्या कॉलेजच्या पोरापोरींसोबत मी एडिटला बसत आलोय, त्यावरून सांगतो, फिल्म अडकते ती बहुतेक वेळा इथंच. सॉफ्टवेअर येत नाही हे कारण नसतं, ते यूट्यूबवर बघून आठवड्याभरात कामापुरतं येतं. खरं कारण असं की शूटिंगला दहा जणांना दहा कामं असतात, कुणी लाईट धरतं, कुणी माईक, कुणी गर्दी आवरतं, आणि एडिटला मात्र एक लॅपटॉप, एक खुर्ची आणि मागं सात डोकी. "मागं घे, अजून मागं, आं आं, तिथंच, न्हाई लगा गेलं पुढं." असं चालू झालं की तासाभरात निम्मी माणसं फोनमध्ये घुसतात, आणि माऊस ज्याच्या हातात असतो तो वैतागून जातो.

तर माऊस एकाच्याच हातात राहिला पाहिजे आणि तरी फिल्म सगळ्यांची राहिली पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकदम जमतात, फक्त काम कुठं वाटायचं आणि कुठं वाटायचं नाही हे आधी कळलं पाहिजे. तेच जरा सविस्तर सांगतो.

समजायला सोपं जावं म्हणून एक फिल्म मनात धरू. मिरजेतल्या तंतुवाद्यांच्या गल्लीत घडणारी दहा मिनिटांची गोष्ट. मिरजेचे सतार-तानपुरे नावाजलेले आहेतच, २०२४ मध्ये त्यांना जीआय मानांकनही मिळालं. आपल्या गोष्टीतला बाप तानपुरे बनवतो, पोरगा पुण्याला नोकरीला निघालाय, आणि जायच्या आदल्या रात्री बाप त्याला जवारी, म्हणजे तारेचा खुललेला, झणझणता स्वर, ऐकायला बसवतो. एवढीच गोष्ट.

दहा मिनिटांच्या फिल्मसाठी शंभर मिनिटांचं फुटेज सहज जमतं, जास्तच जमतं. फ्रेम म्हणजे एकेक स्थिर चित्र, सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर तयार फिल्ममध्ये १५,००० फ्रेम असतात. एडिटिंग म्हणजे त्या शंभर मिनिटांतून दहा निवडायची, कशानंतर काय ते ठरवायचं, आणि प्रत्येक शॉट नेमका कुठल्या फ्रेमला चालू होऊन कुठल्या फ्रेमला संपणार ते ठरवायचं. यातलं निवडणं चारजण मिळून करू शकतात, क्रम तर सगळ्यांनी मिळून ठरवावाच, पण फ्रेम ठरवणं एकाच माणसाचं काम आहे कारण ते ताल धरण्यासारखं असतं, ठेका दोघं वेगवेगळा धरायला लागले की झालं.

आता फुटेजचं बघू. पहिला घोटाळा इथंच होतो. निम्मे शॉट एका फोनमध्ये, निम्मे दुसऱ्यात, आवाज तिसऱ्याच्या खिशातल्या फोनवर रेकॉर्ड केलेला, आणि मग कुणीतरी म्हणतं व्हॉट्सअपवर टाक. व्हॉट्सअपवर व्हिडिओ म्हणून टाकलेली फाइल दाबून बारीक केली जाते, त्यातला तपशील जातो तो कायमचा जातो, नंतर कुठलाही फिल्टर मारून परत येत नाही. अगदी नाइलाज असला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसं पाठवलं की फाइल आहे तशीच जाते. पण खरं म्हणजे केबल लावा आणि हार्ड डिस्कवर कॉपी करा. ५० एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिटने, शूट केलेलं एक मिनिट म्हणजे ३७५ एमबी, म्हणजे शंभर मिनिटांचे जवळपास ३७-३८ जीबी, आणि गूगलच्या फुकट खात्यात मिळतात १५ जीबी, ते पण जीमेल आणि फोटो धरून. पेन ड्राइव्ह वापरणार असाल तर फॉरमॅट कुठला आहे ते बघा, जुना फॅट-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जातच नाही, मग जागा असून कॉपी का होईना म्हणून डोकं फुटायची वेळ येते. एक्सफॅट करून घ्या, विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतो.

कॉपी दोन ठिकाणी, दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि दोन वेगवेगळ्या घरांत. ते होईपर्यंत फोनमधलं काहीही डिलीट करायचं नाही. एकाच डिस्कवर दोन फोल्डर केले म्हणजे दोन कॉपी झाल्या असं नाही हं, डिस्क पडली की दोन्ही गेले.

मग नावं. फोन स्वतःहून फाइलला तारीख आणि आकड्यांची लांबलचक शेपटी लावतो, त्यातून जवारीच्या सीनचा चौथा टेक, म्हणजे तोच शॉट चौथ्यांदा घेतलेला, शोधणं म्हणजे दिवसाचं काम. सीन नंबर, शॉट नंबर, टेक नंबर असं एकच नाव ठरवा, ०३-०२-०४ म्हणजे तिसरा सीन, दुसरा शॉट, चौथा टेक. आणि हे एडिट सुरू व्हायच्या आधी करायचं. का, ते सांगतो, कारण सगळ्यात जास्त रडारड इथंच होते.

एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही व्हिडिओ टाकता तेव्हा व्हिडिओ आत जात नाही. आत जातो फक्त पत्ता, की अमुक डिस्कच्या तमुक फोल्डरमधली अमुक नावाची फाइल, तिचा १२व्या सेकंदापासून १७व्या सेकंदापर्यंतचा तुकडा इथं दाखव. प्रोजेक्ट फाइल म्हणजे वाण्याकडे द्यायची यादी, सामान नव्हे. म्हणून तर चाळीस जीबीच्या फिल्मची प्रोजेक्ट फाइल काही एमबीत मावते, आणि म्हणूनच टाइमलाइनवर, म्हणजे तुकडे ओळीने मांडायच्या पट्टीवर, कितीही कापाकापी केली तरी मूळ फुटेजला धक्का लागत नाही. पण मध्येच कुणी फोल्डरचं नाव बदललं, फाइल हलवली, किंवा फक्त प्रोजेक्ट फाइल मित्राला पाठवली तर त्याच्याकडं सगळी टाइमलाइन लाल, मीडिया ऑफलाइन. घाबरायचं नाही, काही उडालेलं नसतं, रिलिंक करून नवीन पत्ता दिला की परत येतं. डाविंची रिझॉल्व्ह वापरत असाल, आणि फुकट आहे म्हणून बहुतेक ग्रुप तेच वापरतात, तर त्यात प्रोजेक्ट साध्या फाइलसारखा फोल्डरमध्ये दिसत नाही, सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतो, तो तिथून एक्सपोर्ट करून दुसऱ्याला द्यावा लागतो.

ग्रुपसाठी याचा फायदा मोठा आहे. ज्यांच्याकडं फुटेजची तीच कॉपी, त्याच नावांनी, त्याच फोल्डरांत आहे, त्यांना फक्त ती छोटी फाइल पाठवली की काम पुढं सरकतं. मुख्य एडिटर मिरजेत, दुसरा विश्रामबागला, तिसरी सुट्टीला तासगावला गेलेली, तरी चालतं. फक्त एक नियम पाळा, एका वेळी एकच चालू टाइमलाइन आणि ती एकाच माणसाकडं. दुसऱ्याकडं द्यायची तर नवीन नंबर टाकून द्यायची, कट ०७ दिला, आता कट ०८ तुझा. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरंच" अशी नावं ठेवू नका.

लॅपटॉप अडकतो हा पुढचा प्रश्न. कॉलेजच्या पोरांकडं आठ जीबी रॅमचे लॅपटॉप असतात आणि फुटेज असतं फोर-केचं. फोन जागा वाचवायला व्हिडिओ एका युक्तीने साठवतो, पूर्ण चित्र अधूनमधूनच ठेवतो आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहून ठेवतो. बघायला हे ठीक आहे, सलग पुढं जायचं असतं. पण एडिटमध्ये तुम्ही सारखं मागंपुढं उड्या मारता, आणि प्रत्येक उडीला लॅपटॉपला मागचं पूर्ण चित्र शोधून तिथून सगळे बदल जोडत यावं लागतं, तिथं तो धापा टाकतो. यावर उपाय प्रॉक्सी. म्हणजे त्याच फुटेजची हलकी, कमी रिझोल्यूशनची नक्कल, जिच्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवलेली असते. एडिट त्यावर करायचं आणि एक्सपोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर परत मूळ फाइल धरतं. रिझॉल्व्हमध्ये क्लिप सिलेक्ट करून राइट क्लिक, जनरेट प्रॉक्सी मीडिया, रात्री लावून झोपा.

फ्रेम रेटचं पण आत्ताच. फोन सहसा ३० वर असतो, कुणाचा कॅमेरा आणला असेल तर तो २५ वर. प्रोजेक्टचा फ्रेम रेट पहिल्याच दिवशी ठरवावा लागतो, फुटेज आत घेतलं की रिझॉल्व्ह तो बदलू देत नाही. जास्त फुटेज ज्या रेटचं आहे तो ठेवा. शूट अजून व्हायचंच असेल तर सगळ्यांनी २५ आणि शटर १/५०, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते, शटर त्याच्याशी जुळलं नाही की भिंतीवर पट्टे सरकताना दिसतात. दुसरं, बरेचसे फोन सांगताना ३० सांगतात पण प्रत्यक्षात उजेडाप्रमाणे रेट थोडा वरखाली करत राहतात, त्यामुळं वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज सुरुवातीला ओठांशी जुळतो आणि चार मिनिटांनी घसरलेला असतो. असं दिसलं तर हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून ते शॉट कॉन्स्टंट फ्रेम रेटला बदलून घ्या आणि मगच एडिटमध्ये आणा.

तांत्रिक बाजू एवढी पुरे, आता खरं काम.

सगळं फुटेज सगळ्यांनी बघायचं, एकदा, एकत्र बसून, टीव्हीला जोडून. कंटाळा येतो, मान्य आहे, पण हे टाळलेल्या फिल्म मला लगेच ओळखू येतात, कारण त्यांच्यात स्क्रिप्टमध्ये होतं तेवढंच असतं. कॅमेरा चालू राहिला आणि ॲक्टर विसावला, कट म्हटल्यावर तो एकटाच खिडकीकडं बघत बसला, असे तुकडे कुठल्याच शॉटलिस्टमध्ये नसतात आणि कधीकधी अख्खा शेवट त्यातून मिळतो. दोघांनी वहीत लिहित जायचं, कुठल्या टेकमध्ये काय चांगलं, कुठं फोकस गेला, कुठं मागून पिकअपचा हॉर्न आला. एवढ्या कामाला लॉगिंग म्हणतात. पुढं एडिटर त्या वहीवरच काम करतो.

मग असेंब्ली, म्हणजे सगळे सीन स्क्रिप्टच्या क्रमाने, लांबच्या लांब जोडायचे. हे काम सीन वाटून देता येतं, प्रत्येकाने दोन-दोन सीन जोडून मुख्य एडिटरकडं द्यायचे. असेंब्ली कायम वाईट दिसते. दहा मिनिटांची फिल्म अठरा मिनिटांची होते आणि सगळ्यांचे चेहरे पडतात. आपण एवढं उन्हात मेलो आणि हे? अहो, असंच असतं, मोठमोठ्या फिल्मांची असेंब्लीही अशीच दिसते, त्या दिवशी कुठलाही निर्णय घेऊ नका.

इथं सांगलीच्या पोरांची एक खास सवय आड येते. आपलं गाव नाट्यपंढरी, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं मराठी नाटक उभं केलं, आणि आजही इथली बहुतेक पोरं फिल्मकडं येतात ती एकांकिकेच्या तालमीतून. त्याचा फायदा खूप आहे, ॲक्टिंग चांगली असते, संवाद पाठ असतात, शिस्त असते. पण रंगमंचावर माणूस विंगेतून येतो, चालतो, उभा राहतो, मग बोलतो, बोलून झालं की जातो. तेच फिल्ममध्ये येतं. पोरगा दार उघडतो, चप्पल काढतो, आत येतो, बापाकडं बघतो, मग म्हणतो "मी उद्या निघतोय". प्रेक्षकाला त्यातलं दार आणि चप्पल लागत नाही. सीन शक्य तितका उशिरा चालू करा आणि शक्य तितका लवकर सोडा. आधी "मी उद्या निघतोय" पासून सुरू करून बघा, काही कळायचं राहिलं तरच मागं सरका. आमच्याकडच्या बहुतेक फिल्म एवढ्या एकाच गोष्टीने दोन-तीन मिनिटांनी कमी होतात आणि सुधारतात.

आता तो जवारीचा सीन घेऊ, एडिट म्हणजे काय ते त्यातच कळेल. शॉट असे आहेत. एक वाइड, कारखान्यात भोपळे टांगलेले, बाप आणि पोरगा तानपुऱ्यापाशी बसलेले. एक क्लोज, बाप तारेखाली घोडीवर सुताचा दोरा ठेवतो आणि केसभर पुढं, केसभर मागं सरकवत तार छेडत राहतो, आणि एका जागी तो दोरा आला की मघापर्यंत बोदा लागणारा स्वर एकदम खुलतो, झणझणतो. एक पोराचा चेहरा. एक बापाचा चेहरा, संवाद म्हणताना, "तुझ्या आज्ज्यानं मला असंच बसवलं हुतं, त्यो म्हणायचा, कानानं बघायचं".

पहिल्या कटमध्ये ग्रुप काय करतो? वाइड, मग बापाचा चेहरा आणि सगळा संवाद, मध्ये दोन सेकंद दोरा, मग पोराचा चेहरा आणि डोळ्यात पाणी. लिहिलं तसंच आहे, चूक काहीच नाही, पण बघणाऱ्याला काही होत नाही. कारण स्वर खुलतो तो क्षण दोन सेकंदांत दाबला गेला आणि त्याच्यावर संवाद चढला.

आता हेच दुसऱ्या पद्धतीने. वाइडवरून थेट दोऱ्यावर या आणि तिथंच थांबा. दोरा सरकतो, तार वाजते, बोदी. परत सरकतो, परत बोदी. प्रेक्षक वाट बघायला लागतो, काय होणार म्हणून पुढं झुकतो. अकरा सेकंद, बारा सेकंद, शॉर्ट फिल्मच्या हिशोबाने हा फार मोठा शॉट झाला, ग्रुपमधला कुणीतरी म्हणणारच की लांबतंय. राहू दे. स्वर खुलला की लगेच कट मारू नका, तो घुमत असतानाच पोराच्या चेहऱ्यावर या. चेहरा तोच आहे, पहिल्या कटमध्ये होता तोच टेक, डोळ्यात पाणी यायच्या आधीचा भाग घेतलाय फक्त. आणि आता तो चेहरा बोलतो. आज्जाचा संवाद अख्खा काढून टाका, लागतच नाही.

हे का होतं? शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एका नटाचा एकच कोरा चेहरा घेतला आणि एकदा त्याच्यासोबत सूपची वाटी जोडली, एकदा शवपेटी, एकदा बाई. बघणाऱ्यांना तोच चेहरा एकदा भुकेला वाटला, एकदा दुःखी, एकदा आसक्त. म्हणजे चेहऱ्यावरचा भाव निम्मा नट देतो आणि निम्मा शेजारचा शॉट. आपल्या पोराच्या चेहऱ्याआधी खुललेला स्वर आला तर तो ऐकणारा मुलगा होतो, आणि त्याच चेहऱ्याआधी खिशातलं रेल्वेचं तिकीट दाखवलं तर तो सुटायला बघणारा मुलगा होतो. यातला कुठला पाहिजे? हा प्रश्न सॉफ्टवेअरचा नाही आणि एडिटरच्या एकट्याचाही नाही. नेमका इथं सगळा ग्रुप लागतो, कारण आपली गोष्ट कशाबद्दल आहे हे ठरवायचंय. अशा प्रश्नावर अर्धा दिवस वाद झाला तरी तो वेळ वाया गेला असं समजू नका.

त्याच सीनवरून आवाजाच्या कटचं पण सांगतो. चित्र आणि आवाज एकाच ठिकाणी कापले पाहिजेत असं कुठं लिहिलेलं नाही. चित्रात मिरज जंक्शनचा प्लॅटफॉर्म आलाय, पोरगा बॅग घेऊन उभा आहे, तरी मागच्या सीनचा तानपुरा चालूच ठेवला, याला एल कट म्हणतात. उलट, चित्रात अजून कारखानाच आहे पण गाडीची अनाउन्समेंट ऐकू यायला लागली, हा जे कट. टाइमलाइनवर तुकड्यांचा आकार त्या इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो म्हणून ती नावं. पहिल्यात बाप पोरासोबत प्लॅटफॉर्मवर येतो, दुसऱ्यात गाडी बापाच्या कारखान्यात घुसते. दोन्ही करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे, आणि सगळ्यांना डोळे मिटून ऐकवा आधी.

आता ग्रुपने मत कसं द्यायचं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि सगळ्यात कमी शिकवलं जातं. रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जुळणी, झाला की तो एक्सपोर्ट करा, कोपऱ्यात टाइमकोड, म्हणजे चालू वेळ, दिसेल असा, आणि सगळ्यांनी पहिल्यांदा न थांबता, न बोलता पूर्ण बघायचा. कुणी पॉज म्हणायचं नाही. दुसऱ्यांदा बघताना प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहायचं, वेळ आणि आपल्याला काय झालं ते. "२ मिनिट १४ सेकंद, पोरगा कुणाकडं बघतोय कळलं नाही." "४ मिनिट ५०, इथं माझं लक्ष गेलं, फोन बघावासा वाटला." असं लिहायचं. "इथं क्लोजअप टाका" असं लिहायचं नाही. कारण क्लोजअप हा तुम्ही शोधलेला उपाय आहे, आणि एडिटरला उपाय कळून उपयोग नाही, दुखतंय कुठं ते कळलं पाहिजे. ४ मिनिट ५० ला लक्ष जातंय त्याचं कारण कधीकधी ३ मिनिट २० ला असतं, तिथं एक गोष्ट दोनदा सांगितलेली असते, ती काढली की पुढचा कंटाळा आपोआप जातो.

कागद एकाने गोळा करायचे, एकच यादी करायची आणि ती एडिटरला द्यायची. चौघांनी एकाच जागेबद्दल लिहिलं असेल तर तिथं नक्की काहीतरी आहे. एकानेच लिहिलं असेल तर दिग्दर्शक ठरवेल. यादी मिळाली की एडिटरला एकट्याला सोडा, दोन दिवस फोन करून "झालं का, झालं का" करू नका. पुढचा कट आला की परत बसा.

ज्याने शॉट घेतलाय त्याला तो काढवत नाही, हा दुसरा मोठा प्रश्न. कॅमेरा केलेल्या पोराने आयर्विन पुलावर पहाटे साडेपाचला जाऊन कृष्णेवरच्या धुक्याचा शॉट घेतलाय, दोन स्वेटर घालून, आणि शॉट देखणाच आहे. पण गोष्टीत त्याला जागा नाही. त्याला समजावत बसू नका, फिल्मचे दोन कट करा, एकात शॉट आहे आणि एकात नाही, आणि दोन्ही त्याला शेजारी बसवून दाखवा. टाइमलाइन डुप्लिकेट करायला काही लागत नाही. बहुतेक वेळा तो स्वतःच काढायला सांगतो, आणि कधीकधी त्याचंच बरोबर निघतं, शॉट राहतो.

त्या पुलावरून अजून एक आठवलं. पोरगा सांगलीवाडीकडं चालत निघालाय आणि एका शॉटमध्ये तो डावीकडून उजवीकडं जातोय, कॅमेरा पुलाच्या दुसऱ्या कठड्याला नेल्यामुळं पुढच्या शॉटमध्ये उजवीकडून डावीकडं. बघणाऱ्याला वाटतं हा परत फिरला. पुलावरचं सांगलीकरांना कळेल पण पुण्यातल्या परीक्षकाला कसं कळणार? अशा वेळी मध्ये एक समोरून येतानाचा किंवा नुसत्या पायांचा शॉट टाकला की दिशा विसरली जाते. पण दर वेळी असं शुद्ध जुळवत बसायची गरजही नाही. वॉल्टर मर्च या अमेरिकन एडिटरने कट कुठं मारायचा याचे सहा निकष उतरत्या क्रमाने लावलेत, भावनेला ५१ टक्के, गोष्टीला २३, तालाला १०, प्रेक्षकाची नजर कुठं आहे याला ७, आणि दिशा, जागा वगैरेंच्या शिस्तीला उरलेले ५ आणि ४. आकडे कुणी मोजपट्टीने काढलेले नाहीत, पण ग्रुपमध्ये भांडण लागलं की हा क्रम फार उपयोगी पडतो. बापाच्या हातातला चहाचा कप एका शॉटमध्ये अर्धा आणि पुढच्यात भरलेला आहे, पण त्या टेकमध्ये बापाचा आवाज थरथरलाय. तर तोच टेक घ्या. बाप बोलत असताना कपाकडं कुणी बघत नाही.

कट जुळत आला की बाहेरच्या दोघातिघांना दाखवा, ज्यांना गोष्ट माहीत नाही असे. आई, शेजारची काकू, ज्युनियर. त्यांना "कशी वाटली" विचारू नका, सगळे "भारी" म्हणतात आणि त्यातून काही हाताला लागत नाही. "गोष्ट काय होती सांगा की" असं म्हणा आणि गप्प बसा. काकू म्हणाल्या की पोरगा बापावर रागावून गेला, आणि तुम्हाला तसं नको असेल, तर दोष काकूंचा नाही.

आता पिक्चर लॉक. म्हणजे चित्राची एकही फ्रेम यापुढं हलणार नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवायचं, तारीख घालून. हे एवढं कडक का? लॉकनंतरची कामं वेगवेगळ्या माणसांकडं एकदम जातात, एकाकडं आवाज, एकाकडं कलर, एकीकडं सबटायटल. अशात एडिटरने दुसऱ्या मिनिटाला १२ फ्रेम काढल्या, तर २५ च्या हिशोबाने त्याच्या पुढचं सगळं जवळजवळ अर्धा सेकंद सरकतं, ओठ आणि आवाज फाटतात, सबटायटल उशिरा येतात आणि तिघांचं काम परत. लॉक झालं म्हणजे झालं. नंतर कितीही भारी आयडिया सुचली तरी ती पुढच्या फिल्मला.

आवाजाला सगळ्यात जास्त वेळ द्या. चित्र थोडं दाणेदार असलेलं लोक चालवून घेतात, संवाद कळला नाही तर सोडून देतात. शूटच्या जागेवर सगळ्यांनी गप्प उभं राहून मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड केलेली असेल तर सोनं आहे, कारण शांतता प्रत्येक खोलीची वेगळी असते, पंख्याची, रस्त्याची, आणि संवादाच्या दोन तुकड्यांमध्ये पूर्ण शून्य आवाज आला की कानाला खड्डा लागतो. तो खड्डा त्या रेकॉर्डिंगने बुजवायचा. केलं नसेल तर त्याच वेळेला त्याच जागी परत जाऊन करून या, कॅमेरा न्यायची गरज नाही. संवादाची वरची टोकं साधारण उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये ठेवा, शून्याला लागली की आवाज फाटतो. आणि मिक्स झाल्यावर हेडफोनवर, फोनच्या स्पीकरवर आणि एका मोठ्या हॉलच्या साउंडवर, तिन्हीकडं ऐका.

संगीत म्हणून सिनेमातलं गाणं टाकू नका. यूट्यूब ते आपोआप ओळखतं आणि बऱ्याच फेस्टिवलना संगीताचे हक्क तुमच्याकडं आहेत का ते लिहून द्यावं लागतं. मिरजेतली फिल्म आहे, तानपुरा समोर आहे, कुणीतरी गाणं शिकणारं ग्रुपच्या ओळखीत असतंच, स्वतःचं रेकॉर्ड करा.

कलरला फार मागं लागू नका. आधी एका सीनमधले सगळे शॉट एकमेकांशी जुळवा, एकात भिंत पिवळी आणि एकात निळी दिसायला नको. तेवढं झालं तरी पुरे. सबटायटल लिहिणारीने ती स्वतः म्हणून बघावीत, माणूस बोलेपर्यंत वाचून होतात का ते. मराठी नामावळी टाकताना जोडाक्षरं फुटत नाहीत ना ते एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये बघा, सॉफ्टवेअरच्या खिडकीत नाही. नावांचं स्पेलिंग आणि शुद्धलेखन ज्याचं त्याच्याकडून तपासून घ्या. ज्यांच्या कारखान्यात शूट केलंत, ज्यांनी त्या दिवशी गिऱ्हाईक सोडून तुम्हाला जागा दिली, त्यांचं नाव राहिलं तर फार वाईट दिसतं.

एक्सपोर्ट १०८० ला, एच-२६४, प्रोजेक्टचाच फ्रेम रेट, आवाज ४८ किलोहर्ट्झ. एकाने ती फाइल पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत, मध्ये पुढं न ढकलता बघायची, काळी फ्रेम राहिलीय का, कुठं आवाज गेलाय का. मग रिझॉल्व्हमधून प्रोजेक्ट आर्काइव्ह काढा, त्यात यादी आणि सामान दोन्ही एकत्र जातं, आणि ते दोन डिस्कवर ठेवा. सहा महिन्यांनी एखादा फेस्टिवल आठ मिनिटांचा कट मागतो, तेव्हा ते आर्काइव्ह लागतं.